अंगी लागत नाही

२३ ऑगस्ट, शनिवार

आज मारबत. इतवारीतली सगळी दुकानं बंद, म्हणून लिहायला बसलो. ही डायरी धान्याच्या दुकानाच्या शेठजींनी जानेवारीत आमच्या हमालांच्या टोळीतल्या प्रत्येकाला दिली होती. गोलूनं त्याच्या डायरीची पानं फाडून आमच्या खोलीची फुटकी खिडकी बुजवली. माझी गादीखाली तशीच पडून होती. अंकित म्हणाला, "लिहत जाय. काय खाल्लं, वजन किती झालं. फरक समजते." अंकित जिममध्ये असतो, ताकदीच्या पावडरीचे डबे विकतो.

आठवीत शाळा सोडली. गुरुजी 'मले' लिहिलं की छडी मारायचे, म्हणून हातातून 'मला'च निघतं. तोंडातून नाही निघत.

काळी मारबत, रोगराई गावाबाहेर नेऊन जाळतात तो पुतळा, आमच्या गल्लीच्या तोंडावरून गेली. हीऽऽ गर्दी. पोट्टे बोंबलत होते, "रोगराई घेऊन जाय वं मारबत!" गोलूनं माझा हात धरून वर केला आणि ओरडला, "याचा अशक्तपणा घेऊन जाय वं मारबत!" सगळी टोळी हसली. मीही हसलो. मुकादम भैय्याजी तेवढे हसले नाहीत. गर्दी पांगल्यावर त्यांनी मला पानठेल्यामागं बोलावलं.

"साहिल, टोळीत हिस्सा सगळ्यांचा सारखा हाये."

"हाव भैय्याजी."

"तं पोतंही सारखंच उचललं पाह्यजे ना गा? तू दोन फेऱ्या मारतं अन् पोत्यांच्या थप्पीले टेकून उभा राह्यतं. लोक मले बोलतात, तुले नाही बोलत. दिवाळीपर्यंत पाहतो."

एवढंच बोलले. प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा पुढे केला, त्यातला मी चिमूटभर घेतला.

मी मंगरूळपीरकडचा. नागपुरात माझं कोणी नाही. याआधी सुरतेला होतो, पुण्याला होतो, एकदा हैदराबादेकडे वीटभट्टीवर. कुठंच पाय ठरला नाही. इथे पहिल्यांदा दोन उन्हाळे निघाले. टोळीतून काढलं तर पुन्हा सकाळी चौकात उभं राहायचं आणि जो बोट दाखवेल त्याच्यामागं जायचं. ते आता नको वाटतं. का, ते माहीत नाही. कंटाळा आला असेल कंटाळ्याचा.

२६ ऑगस्ट

डबा आणला. त्यावर वाघाचं चित्र आहे. सोबत तीन बाटल्या गोळ्या, एक लोहाची, एक कॅल्शियमची, एक सगळ्या जीवनसत्त्वांची. अंकित म्हणाला, "दिवाळीपर्यंत तू तुह्या मुकादमाले उचलून ठेवशील."

माझा दिवस असा लावला आहे. उठल्यावर आधी खर्रा, नाहीतर पोट साफ होत नाही. मग कोपऱ्यावर काळा चहा. चहासोबतच तिन्ही गोळ्या एकदम घेतो, म्हणजे दिवसभर डोक्याला ताप नाही. मग दुधात पावडर. मग दुकान. दुपारी आमच्यात कोणी जेवत नाही. भरल्या पोटी पोतं उचललं की आतडं उतरतं, असं भैय्याजी सांगतात. त्यांच्या आधीचे मुकादमही हेच सांगायचे म्हणतात. पान, चहा, खर्रा, यावर गाडी चालते. रात्री मात्र जेवण दणकून, सावजीचा लाल रस्सा आणि भात.

शेठजी घरी गेल्यावर मालाच्या काट्यावर उभा राहिलो. गोलूनं आकडा वाचला आणि डोक्याला हात लावला. "अबे, तू तं कट्टा हायेस! तुरीचा कट्टा! शिवू का तोंड?" कट्टा म्हणजे पन्नास किलोचं पोतं. मी त्याच्यापेक्षा थोडाच जास्त निघालो.

गोलू माझ्याच खोलीत राहतो आणि कामावर माझा जोडीदार आहे. आम्ही दोघं मिळून पोतं उचलून तिसऱ्याच्या पाठीवर देतो, किंवा थप्पीवर चढवतो. तो पारशिवनीकडचा. त्याला बोलल्याशिवाय श्वास येत नाही.

२९ ऑगस्ट

आईचा फोन आला तेव्हा तोंडात खर्रा होता. थुंकायला जागा नव्हती, समोर शेठजी. नुसतं हं हं करत राहिलो.

"जेवून राहिला का बाबू?"

"हं."

"खाय खाय. मंग करते." ठेवूनच दिला.

बरं झालं. तिला वाटलं पोरगं जेवतं आहे. माझ्या आईचं नाव मनकर्णा, आणि तिला दुसरा प्रश्नच येत नाही. मी सुरतेला होतो तेव्हाही हाच आणि वीटभट्टीवरही हाच. जेवला का. कधीकधी विचारते, भूक लागते का रे. आता हा काय विचारायचा प्रश्न आहे?

४ सप्टेंबर

पोट सकाळपासून गुरगुरतं आहे. तीन वेळा जावं लागलं. गल्लीतल्या सुलभ शौचालयातला माणूस आता मला नावानं ओळखतो. अंकितला विचारलं तर तो खूश झाला. "पावडर काम करून राहिली बे. आतली घाण निघून राहिली."

छातीत जळजळ पण आहे. मेडिकलवाल्यानं गॅसची गोळी दिली. म्हणाला, रोज सकाळी घेत जा, काही होत नाही. आता सकाळी चार गोळ्या झाल्या. गोलू म्हणतो, "तुले चहाची गरज काय? गोळ्यांचाच नाश्ता होते."

११ सप्टेंबर

आज दोन ट्रक आले. तांदूळ आणि चणाडाळ. मधल्या वेळात टोळी पानठेल्याजवळ उभी होती आणि मनोहरराव नेहमीसारखे सावलीत पोतं अंथरून डबा उघडून बसले.

मनोहरराव टोळीतले सगळ्यात म्हातारे. डोक्यावर एक काळा केस नाही. रोज अकराला बसतात. मग कोणी काही म्हणो. भाकर, एखादी भाजी, स्टीलच्या गिलासात ताक. एक एक घास असा चावतात, जणू आत खडा आहे का ते शोधतात.

गोलू ओरडला, "आजीबाई, दात आले का?"

मनोहररावांनी घास संपवला, मगच बोलले. "तुह्या लग्नात खातो नं, तवा मोजजो."

भैय्याजी म्हणाले, "मनोहरराव, आतडं उतरन एक दिवस."

"उतरू द्या. डबा भरलेला वापस नेला तं रुख्मिणी घरात घेत नाही. आतड्याचं मंग पाहू, पयले घरात तं गेलो पाह्यजे."

सगळे हसले. मी पण. त्यांनी मला बोलावलं, "ये बे, घे एक तुकडा." मी म्हटलं, "भूक नाही." खरंच नव्हती. मला दिवसा भूक कधी लागतच नाही. हमालीला ते चांगलंच आहे, काम थांबत नाही. खर्रा लावला आणि कामाला लागलो. नंतर पाहिलं, मनोहरराव उठले, हात धुतले, आणि तांदळाचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून टेम्पोत असे चढले जसं काही घरचा जिनाच आहे. या वयात. त्यांची हाडंच जुन्या काळची असतील.

१७ सप्टेंबर

काट्यावर उभा राहिलो. गोलूला आकडा वाचू दिला नाही. मागच्यापेक्षा कमी.

जिममध्ये जाऊन अंकितला सांगितलं. त्यानं माझा दंड धरून पाहिला, बकरा घेताना पाहतात तसा. "सगळ्यांच्या अंगी लागते. तुह्याच अंगी काहून नाही लागत?" त्याला खरंच कळत नव्हतं. तो स्वतः तेच खातो, आणि त्याचे दंड पहा. शेवटी म्हणाला, "डोस वाढव. सकाळ-संध्याकाळ घे."

लहानपणी आई हेच म्हणायची. "या पोट्ट्याच्या अंगी काही लागतच नाही." तेव्हा ते लाडानं होतं.

२२ सप्टेंबर

घट बसले. माल वाढला. साखर, पोहे, डाळ, गूळ. सगळं शहर दिवाळीचं खाणार आणि ते सगळं आधी आमच्या पाठीवरून जाणार.

आज लिहायला हात उचलत नाही.

२७ सप्टेंबर

जिना चढताना मध्ये बसावं लागलं. उठल्यावर डोळ्यांपुढे काजवे. गोलूनं विचारलं, "रोमान्स करून राहिला का जिन्याशी?" मग थोडं थांबून म्हणाला, "अबे, तू पिवळा दिसून राहिला." मी म्हटलं बल्बचा उजेड आहे. बल्ब पांढरा आहे.

गोळ्या, पावडर चुकवत नाही. दोन वेळा घेतो. जितकं आत जातं तितकं निघून जातं. रात्रीचा रस्साही आता अर्धाच जातो, तिखट लागलं की पोटात कोणी पिळा मारल्यासारखं होतं. खर्रा तेवढा सोसतो. तोच एक आहे जो पोटाला त्रास देत नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

आकड्यांची पूजा झाली. पोतं ओढायचे लोखंडी आकडे घासूनपुसून काट्याच्या पाट्यावर मांडले, झेंडूची फुलं वाहिली. भैय्याजींनी एकेकाच्या आकड्याला कुंकू लावलं. माझ्या आकड्याजवळ त्यांचा हात थांबला. मग लावलं. कदाचित कुंकू संपत आलं असेल वाटीत.

सोनं द्यायला गेलो तर गळ्याशी धरलं.  भैय्याजी वाईट माणूस नाहीत. चौकातून मला त्यांनीच आणलं होतं.

७ ऑक्टोबर

गोलूचा पाय गेला. माझ्यामुळे.

थप्पीच्या वरच्या थराला साखरेचं पोतं चढवत होतो. त्याचा हात खाली, माझा वर. "हो जाय" म्हणालो, उचललं, आणि मग पुढचं आठवत नाही. कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं. डोळे उघडले तेव्हा मी फरशीवर होतो आणि गोलू ओरडत होता. गोलू ओरडला म्हणून कोणी आधी लक्षच दिलं नाही, तो रोजच ओरडतो. पोतं त्याच्या पायाच्या पंजावर पडलं होतं. साखर सगळीकडे. मुंग्यांची दिवाळी.

मनोहररावांनी दोघांना रिक्षात घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. गोलूच्या पंजाचं हाड मोडलं आहे. प्लॅस्टर घातलं. त्यानं मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. फक्त म्हणाला, "दिवाळीत हे पाह्यजेच होतं मले. फटाके उडवायले एक पाय पुरे हाये."

८ ऑक्टोबर

गोलूला दाखवायला पुन्हा दवाखान्यात गेलो तेव्हा मनोहरराव म्हणाले, "त्याचं पाह्यलं, आता तुहं दाखव." मी म्हटलं मला काय झालं. त्यांनी ऐकलं नाही.

डॉक्टर मॅडमचं नाव सुमती. आवाज हळू, पण प्रश्न एकामागं एक. "दिवसभरात खाता काय?" मी सगळं सांगितलं. पावडर कोणती, गोळ्या कोणत्या, किती वेळा. जरा तोऱ्यातच सांगितलं, एवढं महागाचं कोणी हमाल खात नाही.

"हे झालं वरचं. मी खाणं विचारतेय. सकाळी काय?"

"चहा."

"आणि दुपारी?"

 गोलू प्लॅस्टरचा पाय बाकावर ठेवून दारात बसला होता. तिथून ओरडला, "खर्रा, मॅडम!"

"नुसता खर्रा?"

"पन्नी फेकून देते तो. बाकी सगळं खाते."

मॅडम हसल्या नाहीत. "भूक लागत नाही तुम्हाला?"

"नाही मॅडम. पयलेपासून. ते बरंच हाये."

त्यांनी माझी खालची पापणी ओढून पाहिली. मग नखं पाहिली.  रक्त घेतलं. आणि एक छोटी डबी दिली, उद्या सकाळी यात घेऊन या म्हणाल्या. काय घेऊन यायचं ते ऐकून गोलू इतका हसला की त्याचा पाय दुखला.

१३ ऑक्टोबर

रिपोर्ट आले. रक्त फार कमी. पोटात जंत. पोटाला सूज पण आहे म्हणतात.

मॅडम म्हणाल्या ते जसं आठवतं तसं लिहितो, कारण मला अजून पटलेलं नाही. म्हणाल्या, लोहाची गोळी काळ्या चहासोबत घेता, त्याच घोटात कॅल्शियम, आणि वरून रोज गॅसची गोळी. मग ते लोह अंगात शिरणार कसं? दुधातली पावडर तुमच्या पोटाला झेपत नाही, ती तशीच बाहेर पडते. जे थोडं उरतं ते जंत खातात. आणि दिवसभर तंबाखू-सुपारी लावून भूकच मारून टाकली आहे.

"पोट जे घेतच नाही, ते अंगाला देणार काय?"

मी म्हटलं, मग चांगल्या कंपनीची गोळी लिहून द्या.

"गोळी वाईट नाही. आत्ता ती बंद. आधी जंताचं औषध. मग दिवसा जेवण, साधं, बसून. खर्रा बंद. पोट जरा ताळ्यावर आलं की लोहाची गोळी मीच देईन. तीच."

"तीच?"

"तीच. जेवणानंतर, चहा नाही. गॅसची मात्र आपल्या मनानं घ्यायची नाही."

बाहेर आलो. मनोहरराव आणि गोलू वाट पाहत होते. मी सगळं सांगितलं. गोलू थोडा वेळ विचारात पडला, त्याला हे जमत नाही, चेहऱ्यावर दिसतं.

"म्हंजे," तो म्हणाला, "तुहा वाघ सरळ संडासात गेला का बे?"

मनोहरराव दुसरीकडे तोंड करून हसले. मला रडू आलं. एवढ्या दिवसांची हौस, आणि ती सुलभमध्ये.

१४ ऑक्टोबर

भैय्याजींनी सांगितलं. सगळ्यांसमोर नाही सांगितलं, पुन्हा पानठेल्यामागंच.

"काटोलचा एक गडी येते उद्यापासून. तुह्या जागी."

मी म्हटलं, "दिवाळीपर्यंत म्हणाले होते तुम्ही."

"म्हणालो होतो. तवा गोलूचा पाय धड होता." मग खाली पाहत म्हणाले, "मी तुले चौकात सोडत नाही. सुई-सुतळी घे. फाटके कट्टे शिव, तोंडं शिव. अर्धा हिस्सा. तुरीचा माल आला की पाहू पोत्याचं."

कट्टे शिवायचं काम म्हातारे करतात. किंवा ज्यांची कंबर गेली ते. मी तेवीस वर्षांचा आहे.

भैय्याजींनी सवयीनं खर्रा पुढे केला. मीही सवयीनं घेतला. तोंडात टाकल्यावर मॅडम आठवल्या. थुंकला नाही. कशासाठी थुंकायचा?

१६ ऑक्टोबर

नवा गडी मजबूत आहे. पोतं असं उचलतो की मला त्याचा राग यावा. येत नाही. राग यायलाही काही लागतं अंगात.

जंताची गोळी घेतली.

रात्रभर वाटत होतं, बॅग भरावी आणि निघावं. पुण्याला कोणीतरी ओळखीचं असेल. मी नेहमी असंच निघतो. पण गोलूला जिना उतरता येत नाही. त्याला सकाळी खाली कोण नेणार? तो माझ्यामुळे बसला आहे. तो चालायला लागेपर्यंत तरी जाता येत नाही. मग जाईन.

१८ ऑक्टोबर

खर्रा कालपासून बंद. डोकं फुटतं. सुईत सुतळी जात नाही. दुकानासमोरून पानठेल्यावरचा घोटायचा आवाज येतो, पन्नीवर पन्नी घासल्याचा. तो आवाज मला आतापर्यंत कधी ऐकूच आला नव्हता. आता दुसरं काही ऐकू येत नाही.

आईचा फोन आला. दिवाळीला येतो का विचारलं. नाही म्हटलं, माल आहे. गोलूचं, रक्ताचं, सुई-सुतळीचं काही सांगितलं नाही.

ती म्हणाली, "आज आवाज मोकळा येऊन राहिला तुहा."

मी म्हटलं, "रेंज चांगली हाये."

"असंन," ती म्हणाली आणि ठेवून दिला. 

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

संध्याकाळी दुकानात पूजा झाली. शेठजींनी सगळ्यांना मिठाईचे डबे दिले. पोट बिघडेल म्हणून मी माझा गोलूला दिला. त्यानं दोन्ही संपवले आणि म्हणाला, "प्लॅस्टर असंच राहू दे. लोक खाऊ घालतात."

मी एक खर्रा खाल्ला. लिहून ठेवतो, कारण लिहिलं नाही तर दोन खाल्ले असते. चक्कर आली, आधी कधी येत नव्हती.

२९ ऑक्टोबर

रुख्मिणीकाकूंनी मनोहररावांच्या डब्यात जास्तीची भाकर द्यायला सुरुवात केली आहे. मी नको म्हटलं होतं. मनोहरराव म्हणाले, "माह्याशी नको भांडू. तिच्याशी जाऊन भांड, हिंमत असंन तं." मग मी अकराला त्यांच्याशेजारी पोत्यावर बसतो. घास जात नाही, पण बसतो. औषधासारखा घास गिळतो. ते सांगत काहीच नाहीत. काय भाव झाला तुरीचा, नातवानं काय केलं, एवढंच. त्यांचे चार घास होतात तेव्हा माझा एक होतो.

टोळीवाले म्हणतात, आजीबाईंना सून आली.

भैय्याजी म्हणाले, "आतडं उतरलं तं माह्याकडे येऊ नको." पण पानठेल्यापासून थोडं दूर जाऊन उभे राहिले आणि खर्रा काढला नाही. पुढे केला नाही म्हणजे कदाचित संपला असेल.

दिवसाला एकदाच जावं लागतं आता. सुलभवाला विचारत होता, गावाला गेला होता का.

४ नोव्हेंबर

आज घाईत एक चूक केली. मसूर डाळ भरून तोंड शिवून टाकलं आणि कट्टा उचलला तर खालून धार. बूड उसवलेलं होतं, मी पाहिलंच नव्हतं. नवा गडी थप्पीपर्यंत घेऊन गेला तोवर अर्धी डाळ वाटेत.

भैय्याजी तापले. "अबे, तोंड काय शिवतं? कितीही भर, राहीन का त्यात? पयले बूड पाह्य, बूड!"

मी झाडू घेऊन डाळ गोळा करत होतो. गोलू आता काठी घेऊन दुकानापर्यंत येतो, पायरीवर बसून सगळ्यांना हुकूम देतो. तो काहीतरी बोलेल म्हणून मी वर पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहून नुसत्या भुवया उडवल्या. दोघंही हसायला लागलो. भैय्याजींना वाटलं त्यांना हसतो आहे, म्हणून आणखी शिव्या बसल्या.

१० नोव्हेंबर

मॅडमनी लोहाची गोळी सुरू केली. सरकारी, साध्या कागदात बांधलेली, वाघ वगैरे काही नाही. जेवणानंतर. वजन बघितलं तर तेवढंच. मॅडम म्हणाल्या, कमी झालं नाही ना, मग पुरे आहे सध्या.

अंकित रस्त्यात भेटला. "कायले बंद केलं बे, आत्ता तं असर सुरू होणार होता." त्याच्याकडे पाहिलं तर त्याच्या डोळ्याखाली काळं आहे. विचारलं, तू जेवतो का रे दिवसा? म्हणाला, टाइम कुठं असते. मग घाईनं निघून गेला.

१९ नोव्हेंबर

गोलूचं प्लॅस्टर निघालं. जिना स्वतः उतरला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. म्हणजे मला आता जायला हरकत नाही. बॅग खाली काढली होती. पण आज दिवसभरात दुसरंच झालं, ते आधी लिहितो.

सकाळी थंडी होती. कट्टे शिवत बसलो होतो. साडेदहाच्या पुढे पोटात काहीतरी सुरू झालं. दुखणं नव्हतं. जळजळ नव्हती. पिळाही नव्हता. एक खोल खड्डा पडल्यासारखं, आत कोणी रिकामं भांडं खरवडतं आहे तसं. हात थोडे गळाले. तोंडाला पाणी सुटलं. शेजारच्या दुकानात कोणी फोडणी दिली, त्याचा वास आला आणि डोळ्यांतच पाणी आलं. मी घाबरलो. म्हटलं झालं, पुन्हा काहीतरी नवीन. सरकारी गोळी पण अंगावर आली. खिशात गॅसची जुनी पट्टी शोधली, नव्हती.

मनोहररावांना जाऊन सांगितलं. कसं कसं होतं ते सगळं सांगितलं. त्यांनी पोतं खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं जणू मी काही अवघड कोडं घातलं आहे.

"कधीपासून?"

"आत्ताच. अर्धा तास झाला असंन."

"असं पयले कधी झालं होतं?"

मी आठवून पाहिलं. "लहानपणी. शाळा सुटायच्या वेळेले."

म्हातारा हसायला लागला. हसता हसता खालीच बसला. "अबे येड्या," म्हणाले, "भूक हाये ते."

गोलूनं ते ऐकलं आणि अख्ख्या इतवारीला सांगितलं. "साहिलले भूक लागली! साहिलले भूक लागली!" हातगाडीवाले थांबून बघायला लागले. भैय्याजी काट्याजवळून ओरडले, "लागली तं खाऊ दे नं मंग, बोंबलतं काहून?"

मनोहररावांनी अकरा व्हायची वाट पाहिली नाही. पोतं अंथरलं. ज्वारीची भाकर, मेथी, ठेचा बाजूला ठेवला, मला दिला नाही. पहिला घास तोंडात टाकला. इतके दिवस मी तीच भाकर खात होतो. आज ती गोड लागली. चावताना कानाखाली दुखलं, तिथून पाणी सुटत होतं म्हणून. दुसरा घास घेतला, मोठा, गाल भरून.

तेवढ्यात फोन वाजला. आई. मी उचलला, पण तोंडात जागा नव्हती. नुसतं "हं" म्हणालो.

"जेवून राहिला का बाबू," असं ती म्हणेल म्हणून थांबलो.

ती म्हणाली, "थुक ते पयले. मंग बोल."

मी तसाच बसलो. गाल भरलेला. सुरत, पुणे, वीटभट्टी, सगळे फोन आठवले. सगळी हं हं. तोंडात खर्रा असतो हे तिला माहीत होतं. तरी दरवेळी म्हणत होती, खाय खाय, मंग करते.

खर्रा गिळता येत नाही, हे तिलाही माहीत असणार. म्हणून मी फोन तोंडाजवळ धरला, आणि नीट चावलं, मनोहरराव चावतात तसं, आणि तिला ऐकू जाईल असं गिळलं.



"काय होतं?" तिनं विचारलं.

"भाकर."

"कशाची?"

"ज्वारीची. मेथी हाये."

 मागे तिच्या अंगणातली कोंबडी ऐकू येत होती. मग म्हणाली, "खाय. मी नाही ठेवत. तू खाय."

आणि तिनं फोन ठेवला नाही. मी खात राहिलो. 

बॅग अजून खालीच आहे. गोलूनं तिच्यावर पाय ठेवून झोप काढली. तुरीचा माल यायला अजून वेळ आहे.